शेअरचा पत्ता कट होऊ देऊ नका!

मुळशीतल्या लवळ्यात एकीकडे सिम्बायोसिस, दुसरीकडे फ्लेम विद्यापीठ. हॉस्टेलमध्ये पडल्या पडल्या कुणीतरी मोबाईलवर टाटा पॉवरचा एक शेअर घेतं. बोट टेकलं, 'ऑर्डर एक्झिक्युटेड' झळकलं, गडी मेसकडे पळाला. उद्या दुपारी तो शेअर बरोब्बर त्याच्याच खात्यात उतरणार. शेजारच्या खोलीतल्या मित्राच्या नाही!

माहीत आहे का, त्या शेअरला वाट कोण दाखवतं?

एसएसआय! म्हणजेच स्टँडर्ड सेटलमेंट इन्स्ट्रक्शन्स. सौदा झाला की शेअर कुठल्या खात्यात, पैसे कुठल्या बँकेत, मधे कस्टोडियन कोण, हे सगळं एकदाच लिहून ठेवायचं. मग प्रत्येक सौद्याला तेच लागू. भाव सेकंदासेकंदाला हलतो, हा कागद जागचा हलत नाही. टीव्हीवर दिवसभर चर्चा मात्र भावाची! आज सगळं फुटेज या कागदाला.

तुम्ही स्वतःसुद्धा एक एसएसआय सही करून दिलेली आहे. माहीत आहे का? डिमॅट खातं उघडताना त्या लांबलचक फॉर्मवर एक चौकट असते. माझ्या खात्यात येणारी प्रत्येक जमा वेगळी सूचना न घेता आपोआप स्वीकारा, हो की नाही? बहुतेक जण न वाचता 'हो' करतात आणि ते योग्यच असतं. 'नाही' केलं, तर शेअर आला रे आला की दर वेळी डीपीला, म्हणजे डिमॅट खातं उघडून देणाऱ्या संस्थेला, 'घ्या हो, माझाच आहे' अशी सूचना द्यावी लागते.

त्याच फॉर्मवर थोडं खाली आणखी एक चौकट. लाभांश आणि व्याज थेट खालील बँक खात्यात जमा करावं. इथे जरा थांबा, कारण खरी गंमत इथेच आहे.

शेअर विकल्याचे पैसे येतात ब्रोकरकडे नोंदवलेल्या बँक खात्यात. लाभांश येतो डिमॅटला जोडलेल्या बँक खात्यात. या दोन वेगळ्या नोंदी! पहिल्या नोकरीचं सॅलरी अकाउंट डिमॅटला जोडलेलं, नोकरी बदलली, नवं खातं ब्रोकरच्या अॅपमध्ये टाकलं, जुनं बंद केलं. झालं! विक्रीचे पैसे धडाधड येतायत म्हणून माणूस निवांत, आणि लाभांश बंद खात्याच्या दारावर टकटक करून परत जातोय. वर्षानुवर्षं.

हे तपासायचं कुठे? सीएमआर मागा. क्लायंट मास्टर रिपोर्ट. बहुतेक ब्रोकरच्या अॅपवर पाच मिनिटांत डाऊनलोड होतो. तुमचं नाव, पॅन, पत्ता, बँक, आयएफएससी, नॉमिनी, सगळी कुंडली त्यावर. डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या दोन डिपॉझिटरींपैकी एनएसडीएलवाले याला सीएमएल म्हणतात, क्लायंट मास्टर लिस्ट. काम तेच.

आयएफएससी निघालाच आहे तर घ्या एक क्विझचा प्रश्न. त्यातलं पाचवं अक्षर कुठलं? शून्य! कुठलीही बँक घ्या, कुठलीही शाखा घ्या, पाचव्या जागी शून्यच. पुढे कधी लागलं तर असावं म्हणून राखून ठेवलेली ती जागा आहे. कॉसमॉस बँक असो की पुण्यातच जन्मलेली बँक ऑफ महाराष्ट्र, या शून्यापुढे सगळे सारखे.

आता डिमॅट नंबर. सोळा जागा, बरोबर? पण सुरुवात बघा. 'आयएन'ने सुरू होत असेल तर तुमचे शेअर एनएसडीएलकडे. सोळाच्या सोळा आकडेच असतील तर दुसऱ्या डिपॉझिटरीकडे, सीडीएसएलकडे. पहिल्या आठ जागा डीपीच्या, पुढच्या आठ तुमच्या. ओळखपत्र न बघता माणूस कुठल्या पार्टीचा हे ओळखायची ट्रिक!

आणि या दोघांची जोडी भन्नाट आहे. सीडीएसएल ही बीएसईने उभी केलेली, पण तिचा स्वतःचा शेअर २०१७ मध्ये लिस्ट झाला तो एनएसईवर. एनएसडीएलमध्ये एनएसई भागीदार, तर तिचा शेअर ऑगस्ट २०२५ मध्ये लिस्ट झाला तो बीएसईवर. खुद्द बीएसईचा शेअर? फेब्रुवारी २०१७ पासून एनएसईवर! आपल्याच घरच्या बाजारात लिस्ट व्हायला बंदी असल्यामुळे सगळी वरात समोरच्याच्या मांडवात.

सीडीएसएलचं ऑफिस कुठे आहे, माहीत आहे का? लोअर परळ, ना. म. जोशी मार्ग, मॅरेथॉन फ्युचरेक्स. ही जागा म्हणजे मफतलाल मिलचं आवार. एनएसडीएलचं ऑफिसही कितीतरी वर्षं जवळच, कमला मिलमध्ये. जिथे कापडाचे तागे मोजले जायचे, तिथून कागद नसलेले शेअर मोजले जाऊ लागले. आणि रस्त्याला नाव कुणाचं? रायगडातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी, १९२० मध्ये आयटक ही कामगार संघटना उभारणाऱ्यांपैकी एक. कामगारांच्या पुढाऱ्याच्या नावाच्या रस्त्यावर कोट्यवधी भांडवलदारांची खाती!

एनएसडीएलचं कामकाज सुरू झालं ८ नोव्हेंबर १९९६ ला. पहिले प्रमुख कोण? आपले चंद्रशेखर भावे, महाराष्ट्र केडरचे आयएएस अधिकारी. सरकारी नोकरी सोडून ते या नव्या कोऱ्या संस्थेत आले, बारा वर्षांनी सेबीचे अध्यक्ष झाले. एनएसडीएलच्या आधीचा काळ आठवा. शेअर घेतला की सर्टिफिकेट, ट्रान्सफर डीड, स्टॅम्प, मग पोस्टाने कंपनीकडे आणि महिनाभराने परत. शेरा काय? सही जुळत नाही! माझ्या मते मराठी मध्यमवर्गाला शेअर बाजारात निर्धास्त पाय टाकता आला तो कागद जाऊन डिमॅट आलं या एका बदलामुळे, आणि भाव्यांचं नाव घराघरांत माहीत असायला हवं होतं.

चला, मुळशीकरांसाठी स्पेशल!

मुळशी धरण टाटा पॉवरचं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याचं पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरतं आणि वीज होते. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. ज्यांची शेतं बुडाली, त्या मावळ्यांच्या वारसांपैकी कोणाच्या मोबाईलवर आज त्याच कंपनीचा शेअर असेल, तर त्यांनी त्याचा आयसिन, म्हणजे जगभर चालणारा ओळख नंबर, जरूर बघावा. आयएनई२४५ए०१०२१.

चाळीतल्या दारावरच्या पाटीसारखा वाचता येतो तो. 'आयएन' म्हणजे भारत. 'ई' म्हणजे कंपनी. '२४५ए' म्हणजे टाटा पॉवर. '०१' म्हणजे इक्विटी शेअर. '०२' का? कारण २०११ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे एक-एक रुपयाचे दहा तुकडे झाले, म्हणून नवा नंबर. आणि शेवटचा '१'? तो राखणदार!

बघा हं जादू. २४५ च्या जागी चुकून २४६ टाइप करा. गणित मांडलं की शेवटचा आकडा ९ यायला हवा. तुमच्याकडे आहे १. पकडला! आकडे उलटसुलट करून २५४ लिहा. मग शेवटी हवा ३. पुन्हा पकडला! कॉम्प्युटर तिथल्या तिथे सांगतो की असा शेअर जगात नाही. शेजारशेजारच्या आकड्यांच्या अदलाबदलीत फक्त ०९ आणि ९० ची या राखणदाराला दिसत नाही. तेवढी एक डुलकी.

ही युक्ती शोधली हान्स पीटर लून या आयबीएमच्या माणसाने, १९५४ मध्ये. तुमच्या क्रेडिट कार्डावरही तीच चालते. आणि हे लूनसाहेब आधी काय करायचे? कापडधंद्यात होते! कापडातले धागे मोजायचं 'लुनोमीटर' नावाचं साधन त्यांचंच. मिलच्या जागेत डिपॉझिटरी, आणि तिथल्या नंबरांवर पहारा धागे मोजणाऱ्याचा. योग जुळायचे तर असे!

पण सावधान. आयसिन चुकला तर कॉम्प्युटर ओरडतो. एसएसआयमध्ये मात्र खाते नंबर अस्सल, बँक अस्सल, फक्त माणूस भलताच, असं झालं तर? तिथे कुठलाही आकडा मदतीला येत नाही. याच एका कारणासाठी जगभरच्या बॅक ऑफिसांत या कामाला स्वतंत्र टीम असतात.

त्यातल्या कितीतरी टीम पुण्यात आहेत. माहीत आहे का? बीएनवाय, नॉर्दर्न ट्रस्ट, बार्कलेज, ड्यूश बँक, यूबीएस, या सगळ्यांची शहरात मोठी ऑफिसं. लवळ्याच्या टेकडीवर फायनान्समध्ये एमबीए करायचं आणि कंपनीच्या कॅबमधून खराडी-येरवड्याकडे निघायचं, हा रस्ता आता चांगलाच मळलेला. त्या जगाची बोली शिकायची? बँकांचे निरोप पोचवणाऱ्या स्विफ्ट जाळ्याचे चार नंबर पाठ करा. ५४०, शेअर घ्या, पैसे द्यायचे नाहीत. ५४१, पैसे द्या आणि शेअर घ्या. ५४२, शेअर द्या, पैसे मागायचे नाहीत. ५४३, पैसे घ्या तरच शेअर द्या. जगातल्या मोठमोठ्या फंडांचे कोट्यवधींचे व्यवहार या चार आकड्यांवर. खुद्द एसएसआय बदलल्याची वर्दी द्यायलाही वेगळा मेसेज आहे, नंबर ६७०.

आणि जुन्या खुणा किती चिवट असतात! ब्रुसेल्सचं युरोक्लिअर हे जगातलं बडं सेटलमेंट केंद्र. त्याचा स्विफ्ट कोड सुरू होतो 'एमजीटीसी'ने. युरोक्लिअरमध्ये एम कुठून आला? १९६८ मध्ये ते सुरू केलं मॉर्गन गॅरंटी ट्रस्ट कंपनीने. मॉर्गनने कारभार सोडून जमाना झाला, कोड आहे तिथेच. आपल्याकडेही तेच. बीएसईचा आंतरराष्ट्रीय कोड काय? 'एक्सबॉम'! मुंबईचं नाव १९९५ मध्ये बदललं, पण बाजाराच्या कागदावर बॉम अजून मुक्कामी. कारण उघड आहे. कोड बदलला की जगभरच्या हजारो एसएसआय बदलायच्या, आणि त्यात एक जरी सुटली तर पैसे हवेत.

१९६८ म्हटलं की आणखी एक आठवतं. त्या वर्षी जूनपासून डिसेंबरपर्यंत न्यूयॉर्कचा शेअर बाजार दर बुधवारी बंद! संप नाही, सण नाही, काही नाही. सौदे इतके वाढले की सर्टिफिकेटांचे ढीग उपसायला कारकुनांना आठवड्यातून एक दिवस लागायचा. त्यातून १९७३ मध्ये तिथली डिपॉझिटरी जन्मली. पण कागद काही पूर्ण संपले नाहीत. २०१२ मध्ये सँडी वादळाचं पाणी वॉल स्ट्रीटजवळच्या तिच्या तळघरात शिरलं आणि सुमारे १३ लाख सर्टिफिकेटं भिजली. मग ती वाळवत बसले!

आपणही काही कमी नव्हतो. १८६५ घ्या. अमेरिकेतल्या युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव, शेअरांचा नुसता धुरळा. बॅकबे रेक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर! सौदे सगळे वायद्याचे, पुरे करायची तारीख १ जुलै १८६५. युद्ध संपलं, कापूस कोसळला, १ जुलै उजाडला आणि घेणारेही गायब, देणारेही गायब. सेटलमेंटच्या एका तारखेने अख्खं शहर झोपवलं. दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, दलालांनी नियम बांधून संघटना काढली. प्रवेश फी किती? एक रुपया!

आणि ही घ्या नव्वदच्या दशकातली आयडिया. बीएसईचा सेटलमेंटचा आठवडा सोमवार ते शुक्रवार. एनएसईचा बुधवार ते मंगळवार. शुक्रवारी बीएसईवर हिशेब मिटवायची वेळ आली की सट्टेबाज आपला सौदा ढकलायचे एनएसईवर. मंगळवार आला की पुन्हा बीएसईवर. शेअर कधी घ्यायचेच नाहीत, द्यायचेच नाहीत! त्यात बदला, म्हणजे सौदा पुढच्या खेपेला ढकलायची सोय, तोही होताच. २००१ मध्ये बदला बंद झाला, रोजचं सेटलमेंट आलं आणि हा खो-खो थांबला. मग सौद्यानंतर कामाच्या पाच दिवसांनी, म्हणजे टी प्लस ५, टी प्लस ३, टी प्लस २ आणि २७ जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर टी प्लस १.

अमेरिका टी प्लस १ वर कधी आली? २८ मे २०२४ ला. आपण सोळा महिने आधी! युरोपने तर ऑक्टोबर २०२७ ची तारीख धरली आहे. या एका शर्यतीत दलाल स्ट्रीटने वॉल स्ट्रीटला मागे टाकलं, आणि याचा मला मनापासून अभिमान आहे.

पुण्याचाही स्वतःचा शेअर बाजार होता, हे नव्या पिढीला सांगायलाच हवं. पुणे स्टॉक एक्स्चेंज, स्थापना १९८२, पत्ता सदाशिव पेठ, कुमठेकर रस्ता, शिवलीला चेंबर्स. एप्रिल २०१५ मध्ये सेबीने त्याला निरोप दिला. तो चालू होता तेव्हा सौद्यासाठी कुमठेकर रस्त्यावर पार्किंग शोधावं लागायचं. आता फक्त मोबाईलला रेंज!

बरं, सूचना चुकली किंवा चोराच्या हाती पडली की काय होतं? धरा खुर्ची.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला. तब्बल २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे उपसले गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टवरून खोट्या सूचना गेल्या आणि १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात. एकूण फटका ९४ कोटींवर. गणेशखिंड रस्त्यावरच्या सहकारी बँकेचे पैसे तीन दिवसांत जगभर!

त्याआधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँक. चोरांनी ३५ सूचना पाठवल्या, सुमारे ९५ कोटी डॉलरच्या. ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला पोचलेही. श्रीलंकेला निघालेले २ कोटी मात्र अडकले. का? 'फाउंडेशन'चं स्पेलिंग चुकून 'फँडेशन' झालं आणि मधल्या बँकेतल्या कुणाच्या तरी भुवया उंचावल्या. शुद्धलेखनाच्या तासाला झोपू नये, मुलांनो!

आणि चोर नसतानाही चूक होते. ऑगस्ट २०२० मध्ये सिटी बँकेला रेव्हलॉन कंपनीच्या कर्जाचं सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यायचं होतं. स्क्रीनवर तीन चौकटींत टिक हवी होती, पडली एकाच. गेले जवळजवळ ९० कोटी डॉलर! तिघांनी तपासून मंजूर केलं होतं. सॉफ्टवेअर कुठलं? फ्लेक्सक्यूब, जन्म भारतातला. ५० कोटींच्या आसपास रक्कम परत मिळेना, २०२१ मध्ये कोर्टाने बँकेच्या विरोधात निकाल दिला, २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला. चौकट केवढी, तर नखाएवढी!

म्हणून एसएसआय सांभाळणाऱ्या टीमचा एक नियम दगडावरची रेघ असतो. 'आमचं बँक खातं बदललंय, यापुढे इथे पाठवा' अशी ईमेल आली की त्या ईमेलमधल्या नंबरवर फोन करायचा नाही. आपल्याकडे आधीपासून नोंद असलेल्या नंबरवर करायचा. एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासायचं. बदल कोणत्या तारखेपासून लागू, हे लिहायचंच, कारण जुने सौदे जुन्या पत्त्यावर निघालेले असतात. तुमच्या दुकानाला, सोसायटीला, पतसंस्थेलाही हाच नियम डिट्टो लागू होतो.

घरच्या आघाडीवर सेबीने काय काय बदललं, माहीत आहे का? पूर्वी ब्रोकरला मुखत्यारपत्र द्यायचो, त्यात त्याला भरपूर मोकळं रान. नोव्हेंबर २०२२ पासून नव्या ग्राहकांना त्याऐवजी डीडीपीआय. फक्त चार कामांपुरती परवानगी, एक शब्द इकडे तिकडे नाही. तेही नको असेल तर विकताना दर वेळी टी-पिन आणि ओटीपी. जरा कटकट वाटेल, पण ही कटकट करून घ्याच.

मोठा बदल पुढचा. पूर्वी घेतलेले शेअर आधी ब्रोकरच्या पूल खात्यात यायचे, मग तुमच्याकडे. मधल्या त्या मुक्कामात काही ब्रोकरांनी ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण टाकल्याची प्रकरणं गाजली. ५ जून २०२४ च्या परिपत्रकाने सेबीने क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडून थेट ग्राहकाच्या डिमॅटमध्ये, अशी नॉनस्टॉप गाडी सोडायला सांगितलं. पण नॉनस्टॉप गाडीला स्टेशनचं नाव अचूक लागतं! ब्रोकरकडच्या तुमच्या क्लायंट कोडला जोडलेला डिमॅट नंबर आता चुकून चालणार नाही.

आणि शेअर विकले पण वेळेत दिलेच नाहीत तर? लिलाव! एक्स्चेंज तुमच्या वतीने बाजारातून शेअर आणून घेणाऱ्याला देतं, फरक तुमच्या माथी. लिलावातही शेअर मिळाले नाहीत तर लिलावाच्या दिवसाच्या बंद भावावर २० टक्के, किंवा मधल्या दिवसांतला सर्वोच्च भाव, यातला जो जास्त असेल तो मोजा. शंभराचा शेअर एकशेवीसला पडतो तो असा.

नॉमिनीचं ऐकलंत? पूर्वी तीन, आता नव्या नियमाने दहापर्यंत नावं देता येतात. दहा! अख्खी आजोळची पंगत बसेल.

शेवटचा मसाला लाभांशाचा. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही, तर तो तर जातोच, पण त्यामागचे शेअरही सरकारच्या आयईपीएफ निधीकडे जातात. परत मिळतात, मार्ग आहे. आयईपीएफ-५ नावाचा फॉर्म, सोबत कागदपत्रं, कंपनीचा पडताळणी अहवाल आणि भरपूर धीर. एका कंपनीबाबत आर्थिक वर्षात एकच अर्ज करता येतो, त्यामुळे तो भरताना सगळ्या वर्षांचा लाभांश एकत्र मागायचा. आजोबांच्या कपाटात जुनी सर्टिफिकेटं सापडली असतील तर आयईपीएफच्या साइटवर नाव टाकून शोधता येतं. आणि बाबांच्या डिमॅटला जोडलेली बँक शाखा विलीनीकरणात गायब झाली असेल, तर तिचा जुना आयएफएससी आजच सीएमआरवर बघून बदलून घ्या. लाभांशाचा मोसम साधारण जून ते सप्टेंबर!